बघेपर्यंत

आमचे हे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. घरातला गॅस संपलाय हे ह्यांना कधी कळणार नाही, पण कणांचा विषय काढा, पानातलं गार झालंच म्हणून समजा. म्हणे, मोजेपर्यंत कण इथे की तिथे हे ठरलेलंच नसतं. मोजला की एकाच जागी सापडतो. मधे नेमकं काय घडतं, यावर मोठमोठे लोक अजून भांडतायत. मी म्हणायचे, "भांडू देत, तुम्ही आधी जेवा."

माझ्या नणंदेचा मुलगा मालवाहू बोटीवर कामाला होता. बोट बुडाली, त्याचा पत्ता लागेना. नणंदेने अन्नपाणी सोडलं. तिला धीर द्यायला ह्यांनी तेच ज्ञान पाजळलं, "अगं, बघितल्याशिवाय काही ठरत नसतं." भावाचा शब्द! ती उठून दोन घास जेवली. तेव्हा मलाही ह्यांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग इस्पितळातून फोन आला. एक देह मिळालाय, ओळखायला या. नणंद जागची हलेना.

"मी बघत नाही तोवर ठरलेलं नाही. दादा, तूच म्हणालास ना?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक. "अगं, ते एवढ्याशा कणांचं! माणसावर सारखी हवा आदळते, उजेड आदळतो, तेवढ्यानेच सगळं ठरून जातं. आपण बघायची वाट कोण बघत बसतंय?"

"मग ते कुठवर चालतं? कुठल्या रेघेशी थांबतं, तेवढं सांग."

ती रेघ अजून कोणालाच नक्की सापडलेली नाही आणि ह्यांना खोटं बोलता येत नाही. मला असा संताप आला! म्हटलं, "आग लागो त्या कणांना! तुम्ही तरी जाऊन या."

हे एकटेच गेले. मी नणंदेजवळ थांबले. संध्याकाळी जिन्यात ह्यांची पावलं वाजली, तशी तिने धावत जाऊन दाराला कडी घातली.

"दादा, तू बघितलंस. मी अजून तुला बघितलेलं नाही. तोंड दाखवू नकोस. बोलूही नकोस."

मी कडीला हात घातला, तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. बाहेर हे बिचारे गप्प उभे. तिचं ऐकत होते. मग दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला, आणि ह्यांना हुंदका आवरला नाही.

नणंदेने माझा हात सोडला नाही. "वहिनी," ती म्हणाली, "त्याला रडू नको म्हण ना गं."