निकाल न देणारे नाना

"माले आजून समजनं नही." एखादी गोष्ट आपल्याला कळलेली नाही हे नाना इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. मालक माणसाने असं म्हणायचं नसतं, अशी माझी पक्की समजूत होती. नाशिकला व्यवस्थापन शिकून मी जळगावला एमआयडीसीत त्यांच्या चटईच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळायला लागले, तेव्हा पहिल्या महिनाभरात घरी सांगितलं होतं की आमचे मालक चांगले आहेत, पण जरा मंद आहेत.

कारखाना मध्यम होता. एका बाजूला प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याची रंगीत पट्टी काढायची, दुसऱ्या बाजूला मागांवर तिच्या चटया विणायच्या. शेडभर गरम प्लास्टिकचा वास. केबिनमध्ये बुद्धाची एक लहान मूर्ती आणि कायम उघडं दार. नाना स्वतः एके काळी दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. त्यामुळे ते मागावर ओरडून हुकूम सोडतील असं मला वाटायचं, कारण तिथे खालून वर आलेले बहुतेक तसेच होते. नाना मात्र राग आला की उठत, मागच्या नळावर तोंड धूत आणि शेडला एक फेरी मारून येत. तुम्हाला राग येत नाही का, असं मी एकदा विचारलंच.

"येतो ना," ते म्हणाले. "पण तो माझा आहे. मागावरच्या माणसाला कशाला देऊ?"

याचा परिणाम मला हळूहळू दिसला. आमच्याकडे माणसं आपली चूक आपण होऊन सांगायला येत. मागावरची एक बाई तर चुकीचा रंग लावला गेला हे सांगायला जेवण अर्धवट टाकून आली होती. नानांनी तिला आधी जेवून यायला सांगितलं. मानसिक परिपक्वतेवर आम्हाला अभ्यासाला एक अख्खं प्रकरण होतं. ते मी परीक्षेत चांगलं लिहिलं होतं. तरी ती परिपक्वता नानांच्या रूपात समोर बसून चहा पीत असताना मला ओळखू आली की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याला कारण धुळ्याच्या व्यापाऱ्याचा माल.

त्या व्यापाऱ्याला दिलेल्या चटया उन्हात महिन्याभरात विटल्या आणि कडेने तुटायला लागल्या. नाना मला घेऊन धुळ्याला गेले. व्यापारी गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाटेल ते बोलला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सगळा माल परत घेतो म्हणाले. परत येताना मी धुमसत होते. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, की त्या माणसाला महिनाभर रोज कुणीतरी येऊन बोललं असेल, आज ते आपल्यापर्यंत पोचलं.

खरा पेच कारखान्यात होता. दाणा आणायचं काम दीपककडे होतं. दीपक नानांचा पुतण्या. वडील लवकर गेल्यामुळे नानांच्याच घरी वाढलेला. रंगाचं मिश्रण आणि यंत्राची उष्णता यासीनमामांच्या हातात. मामा नानांबरोबर पहिल्या मागापासून होते, दोघांचा डबा रोज एकत्र उघडायचा. दीपक म्हणाला, मामांनी यंत्र जास्त तापवलं. मामा म्हणाले, दाणाच हलका आला होता. नानांनी दोघांना वेगवेगळं ऐकलं, मग एकत्र ऐकलं. त्या खेपेतला दाणा संपलेला होता, त्यामुळे तपासायलाही काही उरलं नव्हतं.

शेवटी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. "कुणाचं चुकलं ते मला कळलं नाही," ते म्हणाले. "कळल्यासारखं दाखवलं, तर दोघांपैकी एकावर अन्याय होईल. माल माझ्या नावाने गेला, जबाबदारी माझी. कामाला लागा."

मला वाटलं, दोघंही सुटलो म्हणतील. झालं उलटंच. मामांना वाटलं होतं, इतक्या वर्षांनंतर नाना म्हणतील की यासीनच्या हातून असं होणार नाही. दीपकला वाटलं होतं, नाना म्हणतील की माझं पोर असं करणार नाही. नाना दोघांसाठीही काहीच म्हणाले नव्हते. दीपक त्याच आठवड्यात धुळ्याला देवपुरात निघून गेला आणि त्याने पाइपांचं दुकान टाकलं. मामा कामावर येत राहिले, पण डबा मागांजवळ बसून खायला लागले. पुढच्या ईदला ते यावलला लेकाकडे गेले ते परत आले नाहीत. नाना केबिनमध्ये एकटे जेवत. एकदा मी म्हटलं, दोघांपैकी एकाची तरी बाजू घ्यायला हवी होती. ते डबा बंद करून शेडमध्ये निघून गेले.

मी नंतर दुसरीकडे नोकरी धरली. नाना आजारी असून धुळ्याला दवाखान्यात आहेत असं कळलं, तशी भेटायला गेले. खाटेजवळ दीपक बसला होता. नानांना मोसंबीच्या फोडी सोलून देत होता, पण दोघं बोलत नव्हते. मी आल्यावर थोडी इकडची तिकडची विचारपूस झाली. मग नाना अचानक त्याच्याकडे वळले.

"तुनावर मना राग नव्हता, दीपक. एवढं तरी माले तुले सांगाले जोयजे व्हतं."

दीपकने हातातली फोड बाजूला ठेवली. त्याने विचारलं, "मग नाना, तेव्हा चूक कुणाची होती?"

"ते नाही रे कळलं," नाना म्हणाले. "पण तू माझा आहेस, हे तर कळत होतं. यासीन माझा आहे, हेही. त्याला काय पुरावा लागत होता? न्याय करायच्या नादात तेवढं सांगायचं राहून गेलं."

दीपक उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलताना दिसले, तेव्हा मी बाहेर आले.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मला काही सुधरत नव्हतं. ज्या माणसाकडून तोल सांभाळणं शिकले असं मी सगळ्यांना सांगत आले, त्याने त्याच तोलाबद्दल पुतण्याजवळ हळहळ व्यक्त केली होती. मग मी शिकले ते काय? की ही हळहळ हाच त्या शिकवणीचा उरलेला भाग होता? त्या दिवशी मला ते ठरवता आलं नाही.

नाना त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ते गेल्यावर काही दिवसांनी दीपकचा फोन आला. कारखाना तो बघणार होता. ऑफिसच्या जुन्या कागदपत्रांचं विचारून झालं तरी तो फोन ठेवेना. मग त्याने विचारलं, यासीनमामांचा यावलचा नंबर तुमच्याकडे असेल का?

मी नंबर दिला. त्यांचं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.