चंद्रभागाबाईंचा पिंपळ

आधीच सांगून टाकते, मी मुंगूस आहे. आमचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणून माणसं रस्त्यात थांबतात, आणि राहायला जागा द्यायची वेळ आली की बिळात विटा कोंबतात. असो. हडपसरच्या पुढं, कालव्याच्या अलीकडं एक सोसायटी आहे. इथं शहर संपतं, शांतता आहे, असं सांगून बिल्डरनं ती विकली. आता शहर कुठंच संपत नाही आणि शांततेचं तर नावच काढू नका. सोसायटीच्या मागं कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडं ओढा, ओढ्यापलीकडं उरलासुरला ऊस. भिंतीच्या कोपऱ्यात पिंपळ आहे आणि त्याच्या मुळाशी माझं बीळ. आधी तिथं माझी आई राहायची. माणसं आली की घुशी येतात आणि घुशी आल्या की आमचं पोट भरतं, त्यामुळं माणसांबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

त्यांची भाषा कशी कळते म्हणाल, तर भिंतीखाली जन्म गेला की कळते. शिवाय मुंगसासमोर कुणी आवाज खाली आणून बोलत नाही. कमिटीची भांडणं, सासूच्या चहाड्या, बायकोपासून लपून केलेले फोन, सगळं माझ्या डोक्यावर होतं. त्यातलं बहुतेक ऐकण्यासारखं नसतं. चंद्रभागाबाईंचं मात्र ऐकावंच लागतं, कारण त्या झाडाशी बोलतात आणि झाडाखाली मी असते.

बाई उंच, हाडकुळ्या, केस आखूड आणि पांढरेशुभ्र. जन्म येरवड्याच्या वस्तीतला, नोकरी सरकारी दवाखान्यात नर्सची. निवृत्त होऊन बरेच उन्हाळे झाले तरी चाल अजून वॉर्डातलीच आहे, झपाझप. जिन्यात कुणी नुसतं शिंकलं तरी यांचा हात कपाळाला लागलाच म्हणून समजा. पोरं मला बघून "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ" म्हणून ओरडतात. बाई शपथ-बिपथ घालत नाहीत. "काय बाई, आज उशीर?" एवढंच विचारतात आणि पुढं जातात. मला ते बरं वाटतं.

त्यांचे यजमान बुद्धभूषण, शाळामास्तर. सगळी वस्ती त्यांना सर म्हणायची, म्हणून लग्नानंतर बाईही सरच म्हणायला लागल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, आईनं पाहिलं होतं. सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. गाडीला लिंबू-मिरची बांधणारा कुणी दिसला की त्याला हाक मारून शेजारी बसवायचे आणि तो उठून जाईपर्यंत समजावून सांगायचे. "भूत दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तो चहा कुणाला मिळाला नाही.

जाताना सर सांगून गेले, की माझी राख नदीत टाकू नका, नदीला आधीच कमी त्रास नाही, झाडाला घाला. बाईंनी पिंपळ निवडला. बोधिवृक्ष, दुसरं कुठलं झाड त्यांच्या मनात येणार? कमिटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर यांनी भिंतीलगतचा कोपरा दिला, कारण तिथं स्कूटरसुद्धा मावत नव्हती. पिंपळ केवढा होतो हे बाईंनी कुणाला विचारलं नाही आणि श्यामसुंदरांनाही ते माहीत नव्हतं. खड्डा खणला, राख घातली, वर रोप लावलं. लोक गेल्यावर आईनं ती जागा उकरून पाहिली. खाण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी बादली घेऊन बाई येतात. "सर, आज ऊन फार आहे." "सर, गुडघा पुन्हा धरलाय." "सर, पोरगा या रविवारीपण येत नाही म्हणाला." पोरगा हिंजवडीत असतो. हडपसरहून हिंजवडीला रोज जाऊन यायचं म्हणजे अर्धं आयुष्य गाडीतच जायचं, म्हणून तो तिकडंच राहिला. सरांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मृतिदिनाला, तेवढा येतो. त्या दिवशी बाई पांढरी साडी नेसतात, झाडाशी मेणबत्ती लावतात, दोघं पंचशील म्हणतात. मग पोरगा घड्याळ बघतो. बाकी दिवस बाई, बादली आणि झाड.

पिंपळ कसला वाढला म्हणता! भिंतीच्या वर गेला, मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी आला. आणि एका वटपौर्णिमेला घोळ झाला.

गावठाणातला मोठा वड रस्त्यासाठी गेला होता. दुसऱ्या मजल्यावरची शर्मिला कंपनीत कामाला, घरी बसून कॉम्प्युटरवर मीटिंगा घेते. तिनं मैत्रिणींना कळवलं, की अगं, लांब कशाला जायचं, आपल्याकडंच झाड आहे की! झालं. नऊवारी नेसून, नथी घालून सगळ्या खाली आल्या, पिंपळाला दोरा गुंडाळून फेऱ्या सुरू. चार जणी फोटो काढणाऱ्या. मी बिळाच्या तोंडाशी बसून बघत होते. तेवढ्यात बाई बादली घेऊन आल्या.

"काय चाललंय?"

"वटपौर्णिमा, काकू," शर्मिला म्हणाली.

"हा पिंपळ आहे."

सगळ्या वर बघायला लागल्या, जसं काही वर पाटी असणार. मग शर्मिला म्हणाली, "चालतं हो काकू. भावना महत्त्वाची."

"मग उपासपण शेजारणीच्या नवऱ्यासाठी धरा. भावना महत्त्वाची," बाई म्हणाल्या आणि पाणी घालून निघून गेल्या.

हसून विषय संपायला हवा होता. पण माणसांचं एक आहे, झाडाला एकदा दोरा दिसला की त्यांना हात आवरत नाही. शनिवारी कुणी दिवा ठेवला. कुणी नारळ. मग काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी यायला लागल्या, घरात ठेवायच्या नाहीत आणि कचऱ्यात टाकायच्या नाहीत अशा. माझ्या बिळाच्या दारात तीन गणपती आणि एक दत्त. ये-जा करायची पंचाईत. बाई रोज संध्याकाळी यायच्या, दोरे एकेक करून सोडवायच्या, तसबिरी पदरानं पुसून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायच्या. कुणाच्या देवाचा त्यांनी कधी अपमान केला नाही. पण झाडावर काही राहू दिलं नाही.

एकदा शर्मिलानं त्यांना दोरा सोडताना पकडलंच. "काकू, तुमचं काय जातं हो? झाडच आहे ना?"

बाई थांबल्या. "झाड नाही. माझा नवरा आहे तिथं. आमच्या आईबापांनी दीक्षा घेतली ना, तेव्हा हे सगळं सोडलं. सोडताना त्यांना गावात काय काय सोसावं लागलं, ते तुला नाही कळायचं. सर जन्मभर हेच शिकवत राहिले. आता ते बोलू शकत नाहीत म्हणून त्यांच्या गळ्यात दोरे घालता?"

शर्मिलाला राखेचं ठाऊक नव्हतं. ती "सॉरी काकू" म्हणाली आणि गेली. तिनं दोरे बांधणं सोडलं, बाकीच्यांनी नाही. बाईंना मात्र त्या संध्याकाळी गाठ सुटता सुटेना.

मग भिंतीला तडा गेला. पिंपळाचं मूळ, दुसरं काय होणार? माझ्या बिळाची एक वाट त्यानंच बंद केली होती. खोटं कशाला बोलू, श्यामसुंदर काही वाईट माणूस नाहीत. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, भिंत अंगावर पडली तर? कमिटीची सभा झाली आणि झाड काढायचं ठरलं. बाई सभेहून सरळ झाडाशीच आल्या.

"सर, झाड ठेवा म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. माझा एकटीचाच वर होता." बाई मुळाशीच खाली बसल्या. "म्हणतात, दुसरं रोप लावून देऊ. कुठंही लावा, म्हणतात. मी विचारलं, अहो, राख कशी उचलू? तिची माती झाली. मातीचं मूळ झालं. कोणतं मूळ माझं म्हणून घेऊन जाऊ?" आणि मग बाई पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडल्या. पेशंट गेला तरी न रडणारी बाई असावी ती, कारण रडायची सवय नसल्यासारख्या रडत होत्या. मी आत गेले. झाड गेलं असतं तर मला ओढ्याकाठी दुसरं बीळ मिळालं असतं. बाईंना दुसरं काही मिळणार नव्हतं, एवढं मलाही समजत होतं.

रविवारी सकाळी झाडं कापणारा आला. मच्छिंद्र नाव, फुरसुंगीकडचा, दंडाला दोराचं वेटोळं, बरोबर कापायचं मशीन. श्यामसुंदर हजर. वरच्या गॅलऱ्यांतून लोक चहाचे कप घेऊन बघत होते. बाई बाकावर बसल्या होत्या, बादली पायाशी.

मच्छिंद्रनं मशीन खाली ठेवलं आणि आधी झाडाभोवती एक फेरी मारली. खोडावरून हात फिरवला. "सायेब, पिंपळ हाय. दोरा-बिरा बांधत्यात का हितं? देवाचं असंल तर आपुन हात लावत न्हाय. आधीच सांगतो."

"छे हो. बघा ना, कुठं काही आहे का?" श्यामसुंदर म्हणाले.

खरंच काही नव्हतं. आदल्याच संध्याकाळी बाईंनी शेवटचा धागा काढला होता. तसबीर नाही, दिवा नाही, शेंदराचा ठिपका नाही. इतकं स्वच्छ झाड आख्ख्या हडपसरात सापडलं नसतं.

मच्छिंद्रचं मन काही भरेना. "पिंपळावर मुंजा असतो. आमच्या चुलत्यानं कापला हुता एक. वरीस नाय काढलं त्यानं."

"मच्छिंद्र, काहीतरी काय? हवं तर बाईंना विचारा, त्यांनीच लावलंय. त्या देव मानत नाहीत की भूत मानत नाहीत. काय बाई?"

श्यामसुंदरांनी हे सहज विचारलं. बाई खोटं बोलणार नाहीत याची त्यांना खात्री होती. सोसायटीत सगळ्यांनाच होती. मच्छिंद्र बाकाजवळ आला, उकिडवा बसला.

"आज्जी, खरं सांगा. माजी लेकरं लहान हायेत. हितं काय हाय का?"

बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग झाडाकडं बघितलं. मी इतके दिवस त्यांना बघते, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. आजारी माणसासारखा पिवळा पडला होता.

"आहे," त्या म्हणाल्या.

"मुंजा?"

"हो."

"तुमी बगितलाय?"

"रोज बोलते मी त्याच्याशी. रागीट आहे फार. झाडाला कुणी हात लावलेला त्याला खपायचं नाही."

गॅलऱ्यांत कप वाजायचे थांबले. श्यामसुंदरांनी "अहो बाई..." एवढंच म्हटलं. मच्छिंद्रनं पायातल्या चपला काढल्या, खोडाला डोकं टेकवलं, माफी मागितली आणि मशीन उचलून चालता झाला. जाताना बाईंच्याही पाया पडला. बाईंनी पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता.

आता मी त्या झाडाच्या बुडाशी राहते. दिवसा राहते, रात्री राहते, पोरं तिथंच काढली. मुंजा म्हणून कुणी नाही. असता तर घुशींचा हिशेब मी त्याला विचारला असता. पण माझं कोण ऐकतं?

श्यामसुंदर म्हणाले, दुसरा माणूस आणतो. पण दुपारपर्यंत गोष्ट सातव्या मजल्यावर त्यांच्या घरी पोचली होती आणि त्यांच्या बायकोनं गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मुंजाचं झाड तोडायचं असेल तर आधी मला माहेरी सोडून या." भिंतीला दोन ठिकाणी टेकू लावले, पोरांना क्रिकेट पुढच्या बाजूला खेळायला लावलं. विषय संपला.

बाई मात्र दोन दिवस खाली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा झाडाला सात-आठ दोरे होते, मुळाशी शेंदूर फासलेला दगड होता आणि कुणीतरी चड्डी-बंडी ठेवली होती, मुंजाच्या मापाची. बाई ते सगळं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. हात एकदा गाठीपर्यंत गेला. दोरा सुटला असता आणि उद्या पुन्हा मच्छिंद्र आला असता, किंवा दुसरा कुणी. हात खाली आला.

"सर," बाई म्हणाल्या. "रागवायचं तेवढं रागवा माझ्यावर. मी तुमचं नाव घालवलं. पण तुम्ही गेलात तर मी कुणाशी बोलू?"

मागं चपलांचा आवाज आला. शर्मिला होती, हातात दिव्याचं ताट. पुष्कळ दिवसांनी आली होती. बाईंना बघून ती जागच्या जागी थबकली, ताट पदराआड करायला लागली.

चंद्रभागाबाईंनी डोळे पुसले, पाण्यानं भरलेली बादली उचलून बाजूला घेतली आणि तिला फेऱ्यांसाठी वाट करून दिली.