दादाच्या हाताला झेपेल असं पिस्तूल

दादाने पिस्तुलाचा विषय काढला तेव्हा मी टोकियोत, फुनाबोरीच्या घरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. रविवार होता. त्याची सकाळ, आमची दुपार.

"लायसन्स आलं," तो म्हणाला. "आता घ्यायचं कुठलं ते ठरवायला हवं. तू जरा बघशील का? मला ओपीडीतून वेळ होत नाही."

मी म्हटलं, "बघते."

"बजेट फार नाही, हे लक्षात ठेव."

"हो."

एवढंच बोलून त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी फोन घेऊन बाजूला गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू त्यांना नको म्हणू नकोस. मी म्हणून बघितलं. जेवणंच बंद झालं त्यांचं."

आमच्या घरात वस्तू निवडायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. दवाखान्याचा इन्व्हर्टर, ईसीजीचं मशीन, वेटिंगच्या खुर्च्या, सगळं मी इथे टोकियोत बसून नेटवर बघून सांगितलं होतं. दादाला दुकानात चार वस्तू समोर ठेवल्या की सुचत नाही. तेव्हा हेही त्याने मलाच विचारावं, यात त्याला किंवा मला काही वेगळं वाटलं नाही. निदान त्या दिवशी तरी.

माझा भाऊ डॉक्टर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचा दहा खाटांचा दवाखाना होता. आदल्या वर्षी छातीत दुखणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशंटला घरच्यांनी फार उशिरा आणलं. तो गेला. तासाभरात दारात माणसं जमली. काचा फुटल्या, औषधांचं कपाट आडवं झालं आणि कोणीतरी सलाइनचा स्टँड उचलून दादाला मारायला सुरुवात केली. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर धरला. त्या हाताची तीन बोटं मोडली. तारा घालून जोडली, पण तर्जनी अर्धीच वळते आणि मुठीत जोर राहिला नाही.

त्या मारहाणीचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता. गावच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो माझ्यापर्यंत आला, ऑफिसमधून घरी येताना, ट्रेनमध्ये. इथे ट्रेनमध्ये फोनचा आवाज बंद ठेवतात, म्हणून मी तो आवाजाशिवाय बघितला. दादा भिंतीला टेकून खाली बसताना दिसतो आणि मग कोणाच्या तरी पाठीमागे झाकला जातो. मी दोनदा बघितला. फुनाबोरीला उतरले, स्टेशनसमोरच्या दुकानातून दूध आणि पाव घेतला, घरी जाऊन लेकीचा डबा घासला. नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. नंतरही आलं नाही. रजा काढून मी गावी जाऊन आले, दादाला जेवण भरवलं, परत आले. लोक मला धीराची म्हणत. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं.

पिस्तुलाचं ऐकून नवरा म्हणाला, "तू त्याला सरळ नाही म्हणून सांग."

"काय सांगू?"

तो मग भांडी आवरायला उठला.

मी माहिती काढायला लागले. परदेशी पिस्तुलं आपल्याकडे आणायला कधीची बंदी आहे, त्यामुळे देशात आहेत तीच हातोहात फिरतात आणि मोटारीच्या किमतीला जातात. ती बाद. राहिली सरकारी कारखान्यातली. जिल्ह्याच्या गावच्या शस्त्रांच्या दुकानात दादाच्या आवाक्यातले तीन पर्याय होते. एक रिव्हॉल्व्हर, एक नवं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आणि तसंच एक जुनं, कुणीतरी वारल्यावर घरच्यांनी विकायला ठेवलेलं. दवाखान्याच्या दुरुस्तीत आणि मारहाणीच्या कोर्टकचेरीत दादाची बचत गेलेली, म्हणून दुकानदार जुन्याचा आग्रह करत होता.

रिव्हॉल्व्हर सोपं, पण त्याचा ट्रिगर दर वेळी जड ओढावा लागतो. दादाचं बोट तेवढं वळत नव्हतं. पिस्तुलाचा ट्रिगर हलका. एकदा गोळी सुटली की पुढची आपोआप जागेवर येते. मात्र पहिली गोळी आत जायला वरचा लोखंडी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो हाताने मागे खेचावा लागतो, आणि त्याची स्प्रिंग कडक असते. आता ज्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही त्याने ते खेचायचं कसं, हे नेटवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

वजन समजावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबीत तूरडाळ मोजून घेतली आणि ती डबी हात लांब करून धरून उभी राहिले. लेक गृहपाठ करत होती. तिने जपानीत विचारलं, "काय करतेस?"

मी म्हटलं, "मामासाठी एक वस्तू बघतेय."

"कसली?"

मी सांगितलं. ती मराठीवर आली. "मामा पोलीस झाला?"

"नाही."

"मग?"

"त्याला भीती वाटते."

तिने मान डोलावली आणि परत वहीत डोकं घातलं. ते वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. दादा स्वतः कधी तसं म्हणाला नव्हता.

या देशात खरं पिस्तूल साध्या माणसाला बघायलाही मिळत नाही. पण हुबेहूब दिसणारी खेळण्यातली मिळतात, प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारणारी, मोठ्या माणसांच्या छंदाची. एका शनिवारी मी इवामोतोचो स्टेशनला उतरून चालत अकिहाबाराच्या बाजारात गेले. अरुंद जिना चढून तिसऱ्या मजल्यावर दुकान होतं. काचेच्या कपाटांत रांगेने पिस्तुलं मांडलेली, घड्याळांच्या दुकानासारखी. ॲप्रन घातलेले साधारण पन्नाशीचे एक गृहस्थ पुढे आले.

"तुमच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"भावासाठी."

"भेट का? छान. किती वर्षांचे आहेत?"

वय सांगितल्यावर त्यांनी लहान मुलांची कपाटं सोडून मला आतल्या बाजूला नेलं. हात केवढा आहे, विचारलं. मी माझा पंजा दाखवला आणि म्हटलं, याहून थोडा मोठा. त्यांनी कापड अंथरलं, त्यावर एक पिस्तूल ठेवलं आणि मला उचलू दिलं. गार होतं. मी स्लाइड मागे ओढली. सहज आली.

"भावाच्या बोटांना दुखापत झालीय," मी म्हटलं. "त्याला जमेल का?"

"हे जमेल. हे हलकं असतं." मग माझ्याकडे बघत ते म्हणाले, "खऱ्याचं तसं नसतं. मी एकदा अमेरिकेच्या ग्वाम बेटावर गेलो होतो, तिथे पर्यटकांना चालवायला देतात. तिथल्या पिस्तुलाची स्लाइड मला पहिल्यांदा खेचताच आली नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

त्यांना बोलायला विषय मिळाला. "तिथल्या माणसाने शिकवलं. डाव्या हाताने वरून घट्ट धरायचं आणि तो हात हलवायचाच नाही. ज्या हातात पिस्तूल आहे तो पुढे ढकलायचा, अख्ख्या खांद्याने. बोटांचं काम नाहीच." त्यांनी करून दाखवलं. मग मला करायला लावलं. मी चार-पाच वेळा केलं. ते "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले.

काही न घेता निघायचं बरं वाटेना, म्हणून मी लेकीसाठी नेमबाजीच्या कागदी लक्ष्यांचं एक पाकीट घेतलं. त्यांनी ते भेटवस्तूच्या कागदात गुंडाळून दिलं आणि जिन्यापर्यंत येऊन वाकून निरोप दिला. खाली रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. मला भूक लागली होती. मी उभ्याउभ्या एक वाटी नूडल्स खाल्ल्या.

रविवारी दादाला सगळं सांगितलं. "खांद्याने ढकल. बोटांवर जोर देऊ नकोस. आणि दुकानात दोन्ही पिस्तुलांवर करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस."

"बरं."

पुढच्या आठवड्यात वहिनीला घेऊन तो दुकानात गेला. जुन्याची स्लाइड त्याला हलली नाही. नव्याचीही पहिल्यांदा हलली नाही. मग मी सांगितलं तसं त्याने केलं आणि ती मागे गेली. त्याने नवं घेतलं. कमी पडले तेवढे पैसे मी इथून पाठवले. फोनवर तो म्हणाला, "बरोबर सांगितलंस तू." बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात जरा समाधान होतं. मी ते ऐकून घेतलं. आनंद होतोय का, हे आत चाचपून बघितलं. नक्की सांगता आलं नाही.

ते पिस्तूल तो शर्टाच्या आत कमरेला लावून ओपीडीत बसायचा. पेशंटला तपासायला वाकलं की टोचायचं, म्हणून नंतर ड्रॉवरमध्ये ठेवायला लागला. त्याने ते कधी चालवलं नाही. पण ड्रॉवर समोर असल्याने त्याचं लक्ष पेशंटवरून उडायला लागलं, हे वहिनीने मला सांगितलं. नातेवाइकाचा आवाज जरा चढला की त्याचा हात टेबलाखाली जायचा. एकदा एका बाईने ते बघितलं. ती आपल्या आजारी मुलीला उचलून काही न बोलता निघून गेली. त्या दिवशी दादाने दवाखाना दुपारीच बंद केला.

मग निवडणुका आल्या. निवडणुकीच्या काळात लायसन्सची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. दादाने जमा केलं. निकाल लागले, लोक आपापली शस्त्रं घेऊन गेले, हा गेला नाही. वहिनीने आठवण करून दिली तर म्हणाला, "जाऊ सावकाश." ठाण्यातून दोनदा निरोप आला. शेवटी त्याने दुकानदारालाच ते परत घ्यायला सांगितलं आणि लायसन्सही सोडून दिलं. त्याच वर्षी दवाखान्याची इमारत विकली आणि पुण्यात एका मित्राच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली.

हे त्याने मला नोकरी लागल्यावर सांगितलं. "तू एवढं बघून दिलं होतंस," तो म्हणाला, जणू मला वाईट वाटेल म्हणून.

"त्याचं काय," मी म्हटलं.

यंदा मे महिन्यात लेकीला घेऊन मी त्यांच्याकडे पुण्याला गेले. पहिल्या सकाळी मी ओट्याशी उभी होते आणि वहिनी चहा गाळत होती. "गावाला होतो तेव्हा बेल वाजली की हे आतल्या खोलीत जायचे," ती म्हणाली. "आता जात नाहीत."

थोड्या वेळाने बेल वाजली. दादा पेपर बाजूला ठेवून उठला. दार पूर्ण उघडलं. इस्त्रीवाला होता. दादाने त्याच्याशी दोन मिनिटं उन्हाबद्दल गप्पा मारल्या, कपडे घेतले आणि पलंगावर ठेवायला निघाला.

मी चहाचा कप हातात धरून ते बघत होते. चहा फार गरम होता आणि ते मला जाणवलं.