गुडघ्यांवरचं मरण

माझ्या ताईचा नवरा प्रार्थना करता करता गेला. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाही विचारा, डोळे मिटून सांगतील. डोळे मिटूनच सांगतात, हीच तर बोंब आहे.

मी ताईची धाकटी बहीण. ताई एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर काम करते. दुकानाच्या मागच्या खोलीत वाफेचं मोठं यंत्र आहे, पायाने दाबलं की फुस्स करतं, आणि त्या वाफेत दिवसभर उभं राहून ताई लोकांच्या कॉलरी सरळ करते. तिच्या दोन्ही मनगटांवर चटक्यांचे डाग आहेत. स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नाही. मालकाने एकदा गिऱ्हाईकासमोर आवाज चढवला, तर तिने त्याच्याच अंगातला चुरगळलेला शर्ट दाखवून विचारलं, "हा कुणी केलाय? माझ्याकडे द्या, मग बोलू."

दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर उंच इमारतींच्या पोकळीत लोंबकळून माणूस घरी आला की त्याला बोलायचं नसायचं. चहा, खुर्ची आणि पायाखाली एक स्टूल मिळालं की स्वारी खूश.

त्या वर्षाची सुरुवात कुणाची दृष्ट लागावी अशी झाली. आधी ताईच्या मुलाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं तेव्हा ती अशी किंचाळली की मागच्या बाकावरचे सगळे हसले, आणि दाजी म्हणाले, "आजीवर गेलीये." मग काही महिन्यांनी ताईच्या मुलीचं लग्न झालं. तिच्या पांढऱ्या झग्याची एकेक चुणी ताईने स्वतः दाबली. आदल्या दिवशी तो झगा दाराला टांगून ठेवला होता आणि जवळ फिरकेल त्याला ओरडा मिळत होता, अगदी नवरीलासुद्धा.

लग्नानंतरच्या रविवारी दुपारी देवाचे आभार मानायला घरी उपकाराची प्रार्थना ठेवली. इथे हेडमास्तर येतात.

हेडमास्तर म्हणजे ताईचे थोरले दीर, दाजींचे सख्खे भाऊ. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घराण्यात प्रार्थना त्यांनीच करायची आणि ती करायची म्हणजे ताणायची. आधी राज्य करणाऱ्यांसाठी, मग आजाऱ्यांसाठी, मग प्रवासात असलेल्यांसाठी, आणि हे सगळे मार्गी लागले की घरातल्या एकेकासाठी, थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत. ते सुरू झाले की गॅस बंद करायचा, हे त्या घरातल्या बायका दूध उतू घालवून शिकल्या आहेत. मध्ये कुणी उठत नाही. पोरं चड्डीत मोकळी होतील, पण आमेनच्या आधी उठणार नाहीत.

त्या घरात प्रार्थनेला बसायची जुनी पद्धत आहे. सगळे खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकतात, कोपरं खुर्चीच्या बैठकीवर, डोकं हातात. म्हणजे प्रत्येकाची एकमेकांकडे पाठ. शिवाय मधूनमधून जो तो पुटपुटत असतो, "होय, प्रभू." त्या पुटपुटण्यात कोण काय म्हणतंय, याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मी खिडकीपाशी होते. ताई स्वयंपाकघरात चहाचे कप मांडत होती. हेडमास्तर आजाऱ्यांपर्यंत आले होते, तेव्हा दाजींचा आवाज आला. "दादा." थोड्या वेळाने पुन्हा, "दादा, जरा…" मला वाटलं, भरून आलंय माणसाला, नुकती लेक सासरी गेलीये. कुणीतरी "होय, प्रभू" म्हणालं. हेडमास्तरांचा आवाज चढला आणि ते प्रवाशांकडे वळले.

ताईला मात्र ते खटकलं. प्रार्थनेत माणूस प्रभूला हाक मारतो, भावाला नाही. ती हात पुसत दारात आली. समोर नुसत्या पाठीच पाठी, सगळ्या वाकलेल्या, दाजींचीही तशीच. ती थबकली. संसाराची इतकी वर्षं त्या घरात जिने एकदाही प्रार्थना मोडली नव्हती, तिचा पाय पुढे पडला नाही. हेडमास्तर तिथून पुढे तान्ह्या नातीपर्यंत गेले, आणि मग आमेन झालं. सगळे गुडघे चोळत उठले. दाजी उठले नाहीत.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं, तर निदान प्रयत्न करता आला असता." एवढंच म्हणाल्या. वाचलेच असते, असं कुणीच म्हणत नाही, ताईसुद्धा नाही.

पण दफनाच्या आधीच गोष्ट तयार झाली होती. शवपेटीपाशी उभे राहून हेडमास्तर म्हणाले, "माझा भाऊ गुडघ्यांवर गेला. प्रार्थना करता करता त्याने डोळे मिटले." पाळकांनी तेच उचललं. मग घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि जो तो ताईचे हात हातात घेऊन सांगू लागला, "काय भाग्य! असं मरण मागून मिळत नाही हो." ताई त्यांना चहा द्यायची. आत येऊन कप असे आदळायची की दोन कपांचे कान तुटले.

"त्यांना पाणी हवं असेल, गं," ती मला म्हणाली. "किंवा नुसतं उठायचं असेल. माणूस हाक मारत होता, आणि हे म्हणतात भाग्य!"

तिने हेडमास्तरांना सरळ सांगितलं, माझ्यासमोर. "भाऊजी, ही गोष्ट सांगणं बंद करा. ते प्रार्थना करत नव्हते. तुम्हाला हाक मारत होते."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तू दुःखात आहेस," ते म्हणाले. "तुला तसं ऐकू आलं असेल."

मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. काकांना वाईट वाटेल." वाटू दे की! जगातल्या सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून ताईनेच गप्प बसायचं? मला तेव्हा भाच्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

वर्षाच्या शेवटच्या उपासनेत आमच्याकडे एकेक कुटुंब पुढे येऊन वर्षभराचे आभार मानतं. घरचा वडीलधारा बोलतो. ताईने आदल्या आठवड्यातच सांगितलं, "या वेळी मी बोलणार."

"तू रडशील," हेडमास्तर म्हणाले.

"रडणार नाही. मी रागावलेय."

"मग तर नकोच," ते म्हणाले आणि विषय संपला. त्यांच्यापुरता.

त्या सकाळी आमचं कुटुंब पुढे जाऊन उभं राहिलं. मुलगा, सून, कडेवर नात, लेक, जावई, ताई आणि मधोमध हेडमास्तर. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मात्र उघडेच ठेवले होते, आता कायमचेच. हेडमास्तरांनी नातीबद्दल आभार मानले, लग्नाबद्दल मानले. मग श्वास घेऊन म्हणाले, "आणि प्रभू, माझ्या भावाला तू गुडघ्यांवर असताना, तुझ्याशी बोलत असताना…"

"आमेन," ताई म्हणाली. चांगलं खणखणीत.

अख्खी मंडळी सवयीने म्हणाली, "आमेन." डोळे उघडले, लोक बाकांवर टेकले, कुणीतरी गीताचं पुस्तकही चाळायला लागलं. हेडमास्तर तोंड उघडं ठेवून उभे. त्यांच्या जन्मात त्यांना कुणी असं थांबवलं नव्हतं.

"एवढंच करायचं होतं," ताई म्हणाली. "त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही एवढं म्हटलं असतं, तर प्रार्थना तिथेच संपली असती. नातीबद्दल मी देवाचे आभार मानते. लेकीबद्दलही मानते. नवऱ्याच्या मरणाबद्दल मानत नाही. तो प्रार्थना करत नव्हता. मदत मागत होता. मी ऐकलं, पण मला पाऊल टाकता आलं नाही. त्याबद्दल कुणी मला भाग्यवान म्हणू नका."

पाळक उठले, पुन्हा बसले. तेव्हा हेडमास्तर बोलले, तेही इतक्या हळू की पुढच्या दोन बाकांपलीकडे गेलं नसेल.

"मलाही ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. वाटलं, एवढं संपवतो आणि बघतो."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग सुनेच्या कडेवरून नातीला घेतलं आणि मधल्या वाटेने सरळ दाराबाहेर गेली.

आता मंडळीत नवी गोष्ट फिरते. त्या दिवशी भर उपासनेत भावजयीने दिराला क्षमा केली आणि देवाचा केवढा मोठा गौरव झाला, असं सांगतात. हेही डोळे मिटूनच. मी ताईला विचारलं. तिने क्षमा वगैरे काहीही केलेलं नाही.