सोफ्यातली बाळंतीण

खिळेमावशीला हे नाव गल्लीनं दिलं आणि तिनं ते बिनतक्रार मिरवलं. सोफ्याला कापड चढवताना मूठभर खिळे तोंडात धरायचे, जिभेनं एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीनं ठोकायचा, ही तिची रीत. खिळे तोंडात असले की बोलता येत नाही. तिच्या धाकट्या दिरानं याचा वर्षानुवर्षं फायदा घेतला. दुकान दोघांचं, पण नवरा गेल्यापासून कष्ट हिचे आणि तोंड दिराचं. मावशी कामात गढली की तो यायचा, "वहिनी, असं असं ठरवलंय," म्हणायचा आणि चालता व्हायचा. वर लोकांना सांगायचा, वहिनींची काही हरकत नाही!

दुकानात एक करडी मांजर होती. दिवसभर मावशीच्या मांडीवर लोळायची, काडीचं काम करायची नाही, म्हणून गल्ली तिला मॅनेजर म्हणे. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या सोफ्याचं तळाचं कापड फाटलं होतं. मॅनेजर त्यातून आत शिरली आणि स्प्रिंगांच्या मधे, मळक्या कापसावर व्याली.

इथं मावशीनं एक चूक केली, आणि अशी चूक सोफेवालीच करू जाणे. मोडक्या स्प्रिंगा पिल्लांना टोचतील, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं एका खोक्यात नवाकोरा फोम कापून बसवला, कडा डिंकानं चिकटवल्या, वर मखमलीचा तुकडा ताणून लावला. मॅनेजर खायला बाहेर गेलेली बघून पिल्लं उचलली आणि त्या राजेशाही पलंगावर ठेवली. मॅनेजर परतली. तिनं खोकं हुंगलं आणि जिच्या मांडीवर जन्म काढला तिच्यावरच फिस्कारली. मावशीनं चुचकारायला हात पुढे केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताची रेघ ओढली. मग एकेक पिल्लू मानेला धरून पुन्हा स्प्रिंगांत नेलं.

मावशीला रडू आलं. खोटं कशाला सांगा, चांगलं हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून पुन्हा कामाला बसली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात," दीर म्हणाला. "सोफा लवकर द्यायचाय. सकाळी पोतं आणतो आणि सगळ्यांना नदीपलीकडे सोडून येतो."

मावशीच्या तोंडात खिळे होते. दीर गेला.

जखम धुताना तिला स्वतःच्याच हातांचा वास आला. डिंकाचा नुसता भपका! हाच वास तिनं त्या कोवळ्या जिवांना माखला होता. कृतघ्नपणा कसला डोंबलाचा? तिची स्वतःची मुलगी तान्ही असताना सासूबाईंनी परस्पर ठरवलं होतं, मूल न झालेल्या नणंदेला ती देऊन टाकायची. "तुझ्या भल्यासाठीच गं," सगळे म्हणत होते. न्यायला आलेल्यावर मावशी अशी तुटून पडली की घरानं तिला वेडी ठरवलं. ठरवेनात का, मुलगी तिच्यापाशीच राहिली. आणि आज भल्यासाठी पिल्लू उचलणारे हात तिचेच होते. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

तिनं खोकं अडगळीत फेकलं आणि साबणानं हात खसाखसा घासले. गिऱ्हाइकाला फोन लावला.

"सोफा उशिरा मिळेल. बाळंतीण आहे."

"कोण बाळंतीण?"

"सोफ्यात."

तो पुढे काय म्हणाला ते ऐकायला ती थांबली नाही. आपली रोजची पांघरायची, न धुतलेली चादर तिनं सोफ्यापासून जरा लांब अंथरली आणि तिच्यावर बसून उशीची खोळ शिवायला घेतली. सोफ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मॅनेजर बाहेर आली, चादर हुंगली आणि परत गेली. जाईना का, मावशीला कसली घाई नव्हती.

सकाळी दीर पोतं घेऊन हजर. मावशी चादरीवरच बसली होती.

"वहिनी, व्हा बाजूला."

"नाही होणार."

"एका मांजरीपायी गिऱ्हाईक घालवणार?"

"घालवीन."

"अहो, तुमचंच रक्त काढलंय तिनं!"

"काढणारच. न विचारता पोर उचललं मी तिचं. भाऊजी, माझ्या पोरीला न्यायला दुपटं घेऊन कोण आलं होतं? कुणाला चावले होते मी?"

दिरानं उजवा अंगठा मुठीत घेतला. पण माणूस हट्टी. त्यानं वाकून सोफ्याची कड धरली.

तेवढ्यात फटीतून मॅनेजर बाहेर आली. तोंडात पिल्लू. समोर रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं, वाटेत पोतं घेतलेला माणूस. ती क्षणभर थबकली. मग दाराकडे पाठ करून सरळ मावशीकडे आली, पिल्लू तिच्या मांडीत ठेवलं आणि दुसरं आणायला वळली. तिनं सगळी आणली. मग स्वतः मावशीच्या गुडघ्यावर पंजे रोवून दिराकडे तोंड करून बसली.

मावशीचा आवाज ठणठणीत होता.

"यांना भरायचं तर आधी मला भरा," ती म्हणाली. "आणि त्यासाठी पोतं मोठं आणा."