टाक्यांतला उजेड

“मावशी, तीनशेचा ड्रेस घेताय की जावई बघताय? सगळे उलटे करून टाकलेत!”

“जावई फाटका चालेल, ड्रेस नाही.”

तलासरीतलं हे तिसरं दुकान. जिजा उंबरगावच्या एका कपड्यांच्या कारखान्यात आठ वर्षं धागे कापते, म्हणून आधी आतली शिवण बघते. उद्या तिच्या दक्षाची डहाणूला नोकरीसाठी मुलाखत आहे. मागच्या वेळी स्वस्तातला ड्रेस बसमध्येच काखेत उसवला आणि पोरगी अर्ध्या वाटेतून परत आली.

दक्षाने चमकीचा ड्रेस पुढे केला. जिजाने बाही हलकेच ताणली. टाक्यांतून उजेड दिसला.

“आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे! शेवटची बस निघेल. उद्या काय, तुझं लुगडं नेसून जाऊ?”

जिजाने ड्रेसची नीट घडी घातली, गल्ल्यावर ठेवली आणि ती चौथ्या दुकानाकडे चालू लागली.