मेलेल्या अळ्यांसाठी पंपासमोर

तमाम पंचक्रोशीला कळवण्यात येते, की आमच्या सोयाबीनमध्ये मयत झालेल्या अळ्यांना कोणीही हात लावू नये. त्या माझ्या संरक्षणाखाली आहेत.

ही घोषणा मी ओसरीवर उभी राहून केली. श्रोते दोन, सासूबाई आणि धाकटे दीर. नवरा नोकरीच्या गावी, म्हणून वावराचा कारभार दिराच्या आणि माझ्या हातात.

आठवडाभर झड लागली होती. ती उघडली तर शेंड्याच्या पानांवर अळ्या मरून चिकटलेल्या. मेलेले किडेमकोडे न्याहाळायचा मला जुना नाद. विषानं मेलेली अळी मातीत पडते. विषाणूनं मेलेली उलटी लोंबते आणि बोट लागताच फुटून पाणी होते. या मात्र पानाला धरून खडूच्या तुकड्यासारख्या ताठ, पांढऱ्या. चार-दोन उचलून डबीत ओल्या कापसावर ठेवल्या. पांढऱ्यावर हिरवी भुकटी धरली तशी माझी खात्री पटली. ही अळी खाणारी बुरशी! पिकाला शिवत नाही, ओलाव्यात एका अळीवरून दुसरीवर जाते.

आनंदानं डबी सासूबाईंसमोर उघडली.

"माझी तपकिरीची डबी हाय ती, बये!"

दीर तोवर एक पान घेऊन गोरेगावच्या औषधाच्या दुकानात जाऊन आले होते. आमच्याकडची रीतच ती, पान दाखवायचं आणि बाटली आणायची. बुरशी दिसली, बुरशीनाशक आलं.

"भाऊजी, ती बुरशी अळ्या मारून राहिली. तिला मारलं की अळ्या मोकळ्या."

"आन् उद्या सोयाबीनवर चढली म्हंजी? तुमी काय अळ्यांच्या डॉक्टर हाव?"

"मेलेल्या अळ्यांची. जित्या तुमच्याकडं. माझं चुकलं तर या वावरात पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

बोलून गेले आणि मग ध्यानात आलं, केवढं पणाला लावलं ते. त्या वावरात माझं तोंड चालतं, म्हणून तर सासरी एवढी वर्षं मजेत काढली.

सकाळी भाकरी थापत होते, तर वावरातून पंपाची घरघर. पिठाच्या हातांनी पळाले. दीर अर्धं वावर फवारून मधल्या बाभळीपाशी आले होते. मी पुढच्या ओळीत हात पसरून उभी राहिले.

"पुढं यायचं असंल तर आधी मला फवारा!"

शेजारच्या वावरातल्या निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून हसायला लागल्या. "बाईला अळ्यांचा पुळका आला गं!" मी त्यांना पिठाचा हात हलवून दाखवला आणि तसूभर सरकले नाही. शेवटी दिरांनी पुटपुटत पंप उतरवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं बाभळीपाशी गेलो. अलीकडं, माझ्या बाजूला, पानोपानी पांढऱ्या-हिरव्या ताठ अळ्या, जिती एखादीच. पलीकडं, फवारलेल्या बाजूला, पानांची चाळण झालेली. मी एक शब्द बोलले नाही. आयुष्यातला माझा सगळ्यांत अवघड अभिनय तो.

दिरांनी पलीकडचं एक पान उलटलं. एका गलेलठ्ठ अळीनं डोकं वर केलं. त्यांनी अळीकडं पाहिलं, बाभळीकडं पाहिलं, आणि निंदणाऱ्या बायांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले,

"आयला, वहिनी! म्हंजी आमी आजवर अळ्यांचा दवाखाना चालवून राहिलो व्हतो काय!"